दुमडीतलं शिसं

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,
अ. उ. आ.

धुतलेल्या चादरी पिळताना तू तिकडचं टोक मुद्दाम सोडून द्यायचीस, आठवतं? मी धपकन मागे बसायचे, चादर मातीत आणि आईची बोलणी मला एकटीला. काल फार आठवण झाली. भलंमोठं कापड घेऊन बसले होते आणि दुसरं टोक धरायला माझी बबडी होती. तिनं सोडलं नाही. मावशीवर गेलेली नाही, नशीब माझं.

पडदा नव्हे हो, बॅनर! आमचा सरकारी दवाखाना विकायला काढलाय, तुमच्याकडच्या पेपरात आलं असेल. बबडी आणि तिच्याबरोबरच्या नर्सेस महिनाअखेरीला मोर्चा काढणार आहेत. ‘दवाखाना विकू देणार नाही’, एवढंच लिहायचं, पण अक्षरं हातभर उंच. आयुष्यभर मी पडदे शिवले, पण लोकांनी वाचायचं कापड पहिल्यांदाच शिवलं. वाऱ्यानं गुंडाळू नये म्हणून पडद्यांना घालते तशी खालच्या दुमडीत शिशाची वजनं घातली. कसं सरळ लोंबतं! बबडी म्हणाली, गिऱ्हाईक खूश आहे.

तुझ्या साहेबांना यातलं काही सांगू नकोस. सरकारी नोकर माणूस, उगाच रक्तदाब वाढेल.

माया आहे तेवढी राहू दे, पत्रं मात्र वाढव.

तुझी
ताई


२ मार्च

धाकटे,

आज आशीर्वाद लिहायलाही हात चालत नाही. बबडीला धरून नेलंय. मोर्चा शांतपणे चालला होता. चौकात पोलिसांनी बॅनर ओढून घेतलं. दुमड हाताला जड लागली म्हणून उसवली, तर आत शिसं. गोफणीसारखं फिरवून मारायला ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. बॅनरची काठी बबडीच्या हातात होती, म्हणून ती आत. मी ठाण्यात जाऊन सांगितलं की ते मी घातलंय, मला धरा. फौजदार म्हणाले, आजी, तुम्ही घरी जा. आजी! लेकीचं लग्न व्हायचंय अजून.

आता एक कागद दिलाय. हत्यार बाळगल्याचं कबूल करून माफी मागितली तर सोडतील. तिची सही मी आणायची आहे. चूक माझी आणि माफी तिनं मागायची. काय करू, सांग.

ताई


९ मार्च

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

सही घे. आधी हेच लिहिते, बाकीचं मागून. मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, दोन ओळींचा कागद आहे, नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पोरीचं आयुष्य कोण परत देणार? त्यांचं नेहमीचं भित्रेपण म्हणून सोडून देऊ नकोस, या वेळी मलाही तसंच वाटतं. ताई, ती पोर पहिल्यांदा चालली ती माझ्या अंगणात. शाळेत बाई तुला हट्टी म्हणायच्या आणि मी तुझी बाजू घेऊन भांडायचे. आता भांडणार नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी
धाकटी


१८ मार्च

प्रिय धाकटे,
अ. उ. आ.

कागद घेऊन गेले होते. पेनसुद्धा नेलं, शाई भरून. बबडीनं वाचला आणि म्हणाली, यावर सही केली तर सगळ्याच नर्सेस हत्यारवाल्या ठरतील आणि दवाखाना विकायला आयतं निमित्त मिळेल. मी म्हटलं, अगं, पण माझी चूक तू का निस्तरतेस? तर मलाच विचारते, आई, बॅनर शेवटपर्यंत सरळ लोंबत होतं ना? हसावं की रडावं कळेना. पहाऱ्यावरच्या हवालदार बाई तोंड फिरवून हसल्या. कोठडीत गारठा आहे म्हणून त्यांनी तिला स्वतःची शाल दिलीय.

कागद तसाच परत आणला. रागाव हवं तेवढं.

घरी आले तर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका दारात उभ्या. आपल्या पडद्याची वजनं काढून पुडीत बांधून आणली होती. कोर्टात दाखवा म्हणाल्या, तुम्ही तर सगळ्यांनाच घालता. आता त्या माझ्या एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जातायत. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
ताई


१९ एप्रिल

प्रिय धाकटे,
अ. उ. आ. आणि वर एक घट्ट मिठी.

बबडी घरी आली! अंघोळ करून जी झोपलीय ती अजून उठली नाही. मी मधूनमधून श्वास बघून येते, तान्ही असताना बघायचे तशी.

तुझी पुडी वेळेत पोचली. आत चिठ्ठी नव्हती, पण टाके उसवताना कात्री कापडात घुसवायची तुझी खोड काही गेली नाही. शिशाबरोबर अर्धी वीत पडदाही आलाय.

कोर्टात बायकांची रांग लागली. कुणी पर्समधून, कुणी रुमालाच्या गाठीतून वजनं काढली. टेबलावर ढीग झाला. एवढ्यात एक बाई पुढे आल्या, नाव सांगितलं आणि फौजदारसाहेब एकदम बुटांकडे बघायला लागले. त्यांच्याच घरच्या बाईसाहेब! म्हणाल्या, वजनं काढल्यापासून पडदे उडून चहात बुडतात, लवकर निकाल द्या. न्यायाधीशांनासुद्धा हसू आवरेना. केस काढून टाकली.

विक्री मात्र रद्द झालेली नाही, ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललीय. नर्सेस गावोगावच्या लोकांच्या सह्या गोळा करतायत. बबडी सोमवारपासून ड्युटीवर जाईल.

तू माझ्यावर चिडलीस, तरी पुडी पाठवलीस. याहून जास्त मला काही नको.

तुझी
ताई


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

काल रेडिओवर बबडीची मुलाखत लागली. मी मध्ये बोलायला लागले, तर यांनी मला गप्प केलं आणि आवाज मोठा केला.

पार्सल पाठवतेय. खोकं तू एकटीनं उघड, नाहीतर बबडी सगळं मैत्रिणींत वाटून मोकळी होईल. पांढरे बूट तिचे. मोजे घालून बघ म्हणावं, सैल झाले तर बदलता येतील. लोकरीचा गळपट्टा हवालदार बाईंना. चहाचा डबा शिक्षिका बाईंना. मऊ उशी तुझ्या शिलाई मशीनच्या खुर्चीवर, नुसती ठेवून देऊ नकोस, तिच्यावर बस. फौजदारीण बाईंना माझ्याकडून काही नाही, त्यांचे पडदे तू फुकट नीट करून दे.

पुढच्या महिन्यात विक्रीविरुद्ध नर्सेसची सभा आहे ना, तिला मी येतेय. माझी गादी खिडकीजवळ घाल.

तुझी
धाकटी

ता. क. खोक्याच्या तळाशी पाकीट आहे, ते नर्सेसच्या संघटनेच्या बाईंना दे. सह्यांचा कागद आहे, आमच्या गल्लीचा. सगळ्यात खाली यांची सही आहे. मी नुसती सही पुरे म्हणत होते, पण यांनी खाली ऑफिसातला हुद्दाही लिहिला. पाकीट कुणाबरोबर पाठवू नकोस, बाईंच्या हातातच दे.