शंभराव्या अंकाचं मुखपृष्ठ

तीर्थस्वरूप अक्का हिस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (लेखीच गोड मानून घे. प्रत्यक्ष घालायला सध्या एकच पाय मोकळा आहे. त्याचं पुढे येईलच.) तुझी तब्येत मी दरवेळी विचारतो आणि तू दरवेळी ‘ठणठणीत’ एवढंच कळवतेस. ऐंशी उलटल्यावर, चहात तीन चमचे साखर घालून आणि दुपारभर लोळून हे कसं जमतं, याला माझ्या शास्त्रात उत्तर नाही. असो.

इकडे सर्व क्षेम. रासायनिक खताशिवाय भाजी पिकवणारा या भागातला पहिला माणूस मी, हे तू जाणतेसच (तेव्हा तूच मला ‘शेणकिडा’ म्हणायचीस). आता माझ्या आरोग्य-त्रैमासिकाचा शंभरावा अंक निघतो आहे. मुखपृष्ठावर माझाच फोटो हवा, अशी वाचकांची इच्छा होती. (वाचकांची म्हणजे माझी, पण पहिला वाचक मीच असतो.) फोटोग्राफर म्हणाला, खुर्चीत बसा. खुर्चीत कुणीही बसतं. मी पांढरेशुभ्र कपडे घालून, भोपळा कवटाळून थेट खताच्या ढिगावर चढलो. आता, चांगल्या ढिगाची खूण मीच मागच्या अंकात दिली होती: हात घातला की लोण्यात गेल्यासारखा कोपरापर्यंत आत गेला पाहिजे. हा ढीग फारच चांगला निघाला. आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग कमरेपर्यंत मी. आत इतकी छान ऊब होती की घटकाभर मला अभिमानच वाटला. तुझी भावजय काठावरून म्हणाली, “हाताचं लिहिलंत, अख्ख्या माणसाचं लिहायचं राहिलं.” मग सगळ्यांनी मिळून मला उपसलं, त्यात पाय कडेच्या विटांत अडकून मोडला. म्हणजे दोष विटांचा. ढिगाकडे बोट दाखवायला जागा नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई आमच्या वर्गणीदार निघाल्या. ‘डॉक्टर हवाच कशाला?’ हा माझा लेख त्यांना फार आवडला होता म्हणे. प्लास्टर मात्र जरा घट्टच बसलं आहे.

अंक पुढच्या आठवड्यात छापायला जायचा आहे. आरोग्याच्या अंकावर प्लास्टरमधला संपादक दिसला, तर पंचवीस वर्षं जोडलेले वाचक पाठ फिरवतील, ही भीती खरी आहे. पण डगमगेल तो मी कसला. तोड सापडली आहे. पत्र इथेच आवरतो. प्लास्टरच्या आत खाज सुटली आहे आणि तुझी भावजय विणायची सुई देत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तोड अशी. मागे अंकात घरच्यांचा फोटो छापला होता. त्यातली ती टवटवीत बाई कोण, काय खाते, असं विचारणारी पत्रं अजून येतात. (माझ्याबद्दल एकही नाही.) तेव्हा मुखपृष्ठावर तू बस. रविवारी ये. खुर्ची ठेवली आहे. कुणी आहाराचं विचारलं तर नुसतं हस.

पुन्हा ता. क. नाही म्हणू नकोस. फोटो हे निमित्त आहे. पडल्यापासून तुझी फार आठवण येते. लहानपणी मी पडलो की तू आधी धपाटा घालायचीस, मग उचलायचीस. इथे सगळे नुसतेच उचलतात.

शेवटचं ता. क. या घरात मी कधी साखर येऊ दिली नव्हती. तुझ्या चहासाठी म्हणून परवा बरणीभर आणवली. येताना थोडी घेऊन ये, बरणी तळाला लागली आहे.