मिटलेले पंख

मुर्री, १४ सप्टेंबर १९५४, संध्याकाळ

"बाई, जिती होती तवा पंख मिटून बसे. मेल्यावर काऊन पसरले इचे?" सातवीतल्या गुणाने विचारलं. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठच्या गवतातून ही टाचणी, चतुरासारखाच पण नाजूक किडा, तिनेच आणली होती. पिवळं पोट, हिरवट छाती, काडीसारखी बारीक. बसली की पंख मिटते, हीच तिची ओळख, असं मीच वर्गात शिकवलं.

उद्या तपासणीला साहेब येणार, म्हणून हेडमास्तरांनी ते पंख डिंकाने आडवे चिकटवले आणि खाली चिठ्ठी लावली, 'चतुर'. वर मलाच म्हणतात, "बीएस्सी बाई, साहेबाले टाचणी काय दाखवता? टाचणी तं कागदाले लावते! चतुर कसा मोठा दिसते." आणि हसले. शिसारी आली. त्यांची, आणि गप्प राहिलेल्या माझीही. नोकरी कच्ची आहे, घरात पहिली पदवीधर मी, सगळं खरं. पण ते मिटलेले पंख?

पुन्हा शाळेत गेले. डिंक सुटेना, एक पंख फाटला. मग त्यांची चिठ्ठी काढून माझी लावली: 'टाचणी. मुर्रीची बोडी, काठचं गवत. बसताना पंख मिटते. इथे चुकीचे चिकटवले आहेत.' खाली सही करून आले.