खिंडीच्या अलीकडून परत

बाबा, आज तुमचा पुन्हा राग आला, आणि भांडायला तुम्ही नाही म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मी हिमालयातल्या त्या ट्रेकचा कागद तुमच्यापुढे ठेवला होता. आठ दिवस, एक खिंड, आणि वर ठळक अक्षरात 'नवख्यांसाठी सोपा'. नोकरी लागल्यावरची माझी पहिली मोठी सुट्टी. तुम्ही कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलंत आणि म्हणालात, "चालाचाच हाय ना? मंग आपल्या टेमघरशी अकलोलीच्या कुंडापरत चालत जा. वर गरम पान्यात आंगोळ पन व्हईल." आई आतून हसली. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणालात, "एकल्या पोरीला न्हाय धाडाची. मी येतो." मला विचारलंसुद्धा नाहीत. कामगार मुलुखाला गेले होते, लोडशेडिंगमुळे आपल्या कापडाच्या कारखान्यातले आठही लूम अर्धा दिवस गप्प असायचे, त्यामुळे तुम्हाला वेळच वेळ होता. ट्रेकला बाप सोबत येतोय, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

बरं, आलात तर आलात, तिथे तरी नीट चालावं की नाही! दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका गावात ओसरीवर एक बाई हातमागावर लोकरीची शाल विणत बसली होती. तुम्ही सॅक उतरवलीत ती तासभर उचलली नाहीत. तिला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला तिची नाही, पण तुम्ही ताण्याचे धागे बोटाने चाचपताय आणि ती तुमच्या हातावर चापट मारून हसतेय. "दिसाला वीतभर फक्त!" तुम्ही मला ओरडून सांगताय, अख्खी दरी ऐकतेय, कारण कारखान्याबाहेरही तुम्हाला हळू बोलता येत नाही. सगळा ग्रुप खोळंबलेला, आणि मी शरमेने दुसरीकडे बघत उभी. तुम्ही तेव्हा दम खात होतात, बाबा, हे आता कळतं. मला वाटलं, तुम्हाला माझ्या ट्रेकची काही किंमतच नाही.

खिंडीच्या दिवशी आपण पहाटेच निघालो. गाईड बुटाने बर्फात पायऱ्या पाडत पुढे, त्याच्यामागे मी. उजाडल्यावर वर खिंडीतल्या पताका दिसायला लागल्या. फार तर पाऊण तास राहिला होता. मागे वळून पाहिलं तर तुम्ही बरेच खाली, थांबलेले, हात आडवा वर धरलेला. लूमच्या खडखडाटात हाक पोचत नाही म्हणून आपल्या कारखान्यातली ती खूण, धागा तुटला, लूम बंद कर. लहानपणापासून तो हात दिसला की मी आधी थांबायची आणि मग विचार करायची. तिथेही थांबले, आणि उतरले. तुम्ही बर्फावर बसला होतात, ओठ निळसर पडलेले. "मना न्हाय जमत. चल खाली." गाईड मागोमाग आला आणि म्हणाला, "अंकल के साथ मेरा आदमी नीचे जाएगा, आप चलिए ना." तुम्ही माझं मनगट धरलंत ते सोडलंच नाहीत. मी किती विनवलं तुम्हाला. पाऊण तास होता हो, बाबा!

तेही मी गिळलं असतं. पण घरी आल्यावर ओट्यावर काका बसले होते, त्यांना तुम्ही सांगितलंत, "पोरगी दमली, मंग काय करनार? परतलो." मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत आणि मीही काही बोलले नाही. तुमचा मान राखायचा म्हणून नव्हे, मला फक्त रुसायचं होतं. दोन दिवस तोंड फुगवून बसले. तेव्हाच चारचौघांत बोलले असते की दम यांना लागला, बसले हे, तर आईने तुम्हाला कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं. पुढच्या वर्षी तुम्ही कारखान्यातच छाती धरून बसलात. सगळे लूम चालू होते, तुम्ही हाक मारलीत की नाही हेही कुणाला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं बरंच आधीपासून असणार. तुमच्या त्या एका खोट्याचा मला अजून संताप येतो आणि माझ्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त.

हे पत्र टाकायचं कुठे, कपाटातच राहील. पण आज चिडायला कारण झालं ते सांगते. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. दुपारी तिला आपला बर्फातला फोटो सापडला. "आजोबा वरपर्यंत पोचले?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, दोघंही पोचलो. अगदी तुमच्यासारखं, इतकं सहज तोंडातून गेलं. ती कुठली सोडतेय, म्हणाली, "मग वर गेल्यावर काय म्हणाले?" मी म्हटलं, वर गेल्यावर नाही, त्याच्या थोडं आधी म्हणाले, आणि तुमच्यासारखं ओरडून दाखवलं, "तू हो पुढं पोरी, मी हाय हितंच."

तिला ते फार आवडलं. झोपेपर्यंत तुमच्याच आवाजात, ओरडून, म्हणत फिरत होती.