भूतकाळ स्वयंपाकघरात

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लग्नाला हो म्हणायचं की नाही, हे तुझे तिकडचे होणारे सासरे इथे येऊन, आम्हाला भेटून ठरवणार, इथवर ठीक. पण त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि दुभाष्याही नको. सोयरीक ज्यांच्याशी करायची त्यांच्याशी मी स्वतः बोलेन, असा त्यांचा हट्ट. आणि तू बेधडक सांगून बसलीस की माझा भाऊ स्पॅनिश बोलतो! ताई, मी आठवीत शाळा सोडलेला, शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस.

क्रियापदांचे तक्ते पाढ्यांसारखे घोकू नकोस, रोज लागणारी मूठभर घे आणि त्यांची मी आणि तुम्ही एवढीच रूपं पाठ कर, हा तुझा सल्ला पटला. पण काल, आज आणि उद्या यांचा डोक्यात गुंता होतो. आमच्या दुकानात उस्तादांनी भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढली आहे. वस्तूला जागा दिली की ती हरवत नाही, असं ते म्हणतात. मी घरात तेच केलं. बाहेरच्या खोलीत वर्तमानकाळ, स्वयंपाकघरात भूतकाळ, गॅलरीत भविष्यकाळ. भविष्यकाळ तुझ्याच युक्तीने : ‘बोय आ’ म्हणायचं आणि पुढे मूळ क्रियापद जोडायचं. त्या खोलीत उभं राहून तेवढंच बोलायचं. आता उंबरा ओलांडला की रूप आपोआप जिभेवर येतं.

आईला आणि मामांनाही शिकवतो आहे. आई दिवसभर स्वयंपाकघरात, म्हणून तिला फक्त भूतकाळ येतो. मामा गॅलरीतल्या खाटेवरून हलत नाहीत, त्यांना फक्त भविष्यकाळ. आई म्हणते, त्यात नवीन काय, तुझा मामा जन्मभर करीन, बघीन, देईन यावरच जगला आहे.

तुझा झोप उडालेला
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी पोट धरून हसले, मग घाम फुटला. अरे शहाण्या, माणसं एकाच खुर्चीत बसून कालचं आणि उद्याचं बोलतात! आजपासून रोज खोल्यांची अदलाबदल कर. आणि ‘तुम्ही’चं जे रूप, तेच ‘तो’ आणि ‘ती’लाही चालतं, एका दगडात दोन पक्षी.

सासरे न्हावी आहेत. समोरचा माणूस गप्प बसला की तो काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटतं. ते एकदा नाही म्हणाले तर त्यांचा मुलगा बापाचा शब्द मोडणार नाही, हे मी ओळखून आहे. मला रजा नाही. माझं सगळं तुमच्या तोंडावर अवलंबून आहे. मामांचं तोंड तेवढं त्यातून वगळ.

माया आहेच, पण अक्कल वापर.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सासरे एकाच दिवशी आले. खोल्या बदलायला वेळ कुठला!

ते दारात आले तोच आईने स्वयंपाकघरातून विचारलं, जेवलात? झोपलात? गेलात? मामा गॅलरीतून ओरडले की मी उठणार आहे, मी बाहेर येणार आहे. उठले मात्र नाहीत. सासऱ्यांनी मला काल काय केलंस असं विचारलं की मी स्वयंपाकघरात धावायचो, तिथून ओरडून उत्तर द्यायचो आणि परत येऊन बसायचो. उद्याचं विचारलं की गॅलरीत. ते भुवया उंचावून नुसते बघत. वाटलं, ताईचं लग्न माझ्या या धावाधावीत बुडालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे केस कापायला घेतले. बाहेरच्या खोलीत, दुकानातून आणलेल्या माझ्या चाकांच्या खुर्चीवर, गळ्याभोवती चादर आणि मानेवर वस्तरा. भिंतीवरच्या फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, वडील कसे होते? ताई, मला हलता येईना. मी म्हणालो, बाबा चांगले आहेत. बाबा मशीन दुरुस्त करतात. बाबा घरीच आहेत.

वस्तरा थांबला. त्यांनी फोटोखालची तारीख वाचली. मग खुर्ची माझ्यासकट ढकलत स्वयंपाकघरात नेली, आईला जरा सरकायला लावलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मग सगळं आलं. बाबा चांगले होते. कमी बोलायचे. ताईला मशीनवर त्यांनीच बसवलं. आई मागून भर घालत होती आणि तिचं एकही क्रियापद चुकलं नाही. उरलेले केस कापता कापता सासरेही आपल्या बायकोबद्दल बोलले. ती गायची, एवढं मला नीट कळलं. ती गेल्यापासून तिच्याबद्दल बोलायला घरात जागा नाही, असंही बहुतेक म्हणाले.

आज सकाळी ते निघाले. हो की नाही ते ऐकायला मी बाहेरच्या खोलीत उभा होतो. ते माझ्यासमोरून सरळ गॅलरीत गेले. मामांना दंडाला धरून खाटेवरून उठवलं, जे आईला आजवर जमलं नव्हतं. मग तिथे ताठ उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले की मी लग्नाला येणार आहे, नवऱ्या मुलाचे केस मीच कापणार आहे.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आलात?

मामा सध्या बाहेरच्या खोलीत बसले आहेत. तिथलं त्यांना एक अक्षर येत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

लोभ तिन्ही खोल्यांत असाच असू दे.
तुझा, केस फार बारीक झालेला,
धाकटा