वृद्धाश्रमातला एकुलता एक संडास

एन्कार्नासिओन, शुक्रवार

आदरणीय एर्मिनियामावशीस देल्मिराचा वाकून नमस्कार. गुडघा आता वाकतो का? आणि तुझ्यावर डोळे वटारणारा तो कोंबडा अजून आहे, की त्याचा रस्सा झाला? इकडे सगळे धडधाकट आहेत. माझी अब्रू तेवढी जरा आजारी आहे. त्याचं असं झालं.

फुल्हेन्सियोसाहेबांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते, हे तुला ठाऊकच आहे. या वयात (वय आईला विचारू नकोस, ती खरं सांगते) मला प्रोग्रॅम लिहायला शिकायची हुक्की आली. म्हणजे हाताने करून कंटाळा येतो ते काम कॉम्प्युटरला चार ओळींत समजावायचं आणि आपण गार तेरेरे पीत बसायचं. त्यातला तेरेरे पिण्याचा भाग मला पहिल्याच धड्यात जमला.

नकाशांत एक दुखणं असतं. एकाच जागी एकच वस्तू चुकून दोनदा काढली जाते. दिसते एक, असतात दोन. त्या शोधून पुसणं म्हणजे तांदळातले खडे निवडणं. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला: एकसारख्या वस्तूंपैकी पहिली ठेव, बाकीच्या पुसून टाक. ‘एकाच जागी असतील तरच’ हे सांगायचं राहिलं. माणसाला ते सांगावं लागलं नसतं गं! कॉम्प्युटरला मात्र सांगितलं तेवढंच कळतं, आणि तेवढं तो फार मनापासून करतो.

तो पहिल्यांदा चालवला वृद्धाश्रमाच्या नव्या इमारतीच्या नकाशावर. तिथे दारं-खिडक्या वेगवेगळ्या मापांच्या, पण प्रत्येक खोलीला संडास, आणि ते सगळे अगदी एकसारखे. (जुनी प्रत? तिच्यावरच साठवलं होतं.) साहेबांनी छापलेला नकाशा न बघताच गुंडाळला आणि आम्ही निघालो.

आश्रम चालवणाऱ्या सिस्टर एदुविहिस यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना अंगणात जमवलं होतं. या इमारतीसाठी त्या बाईंनी कित्येक वर्षं दारोदार हात पसरलेत. साहेबांनी नकाशा पसरला, तसा क्रिस्पीनआजोबांनी चष्मा नाकावर ओढला.

“सिस्टर, तुमच्या खोलीत संडास दिसतोय. आमचे कुठेयत?”

सगळे नकाशावर वाकले. सिस्टर लालबुंद झाल्या. आपण नकाशा पाहिलाच नाही हे कबूल करतील तर ते साहेब कसले! म्हणाले, “ही आधुनिक कल्पना आहे. सामाईक संडास असला की माणसं भेटतात, बोलतात.”

“त्या घाईत बोलतंय कोण?” आजोबा म्हणाले.

“म्हणजे रात्री मी काठी टेकत सिस्टरांच्या पलंगाला वळसा घालून जायचं?” पेत्रोनाआजींनी विचारलं.

“मी मागितला नव्हता हो!” सिस्टरांचा आवाज चिरकला.

“मग किल्ली कुणाकडे राहणार?” मागून कुणीतरी.

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र मला बघवेना. उभी राहिले आणि म्हणाले, “यात सिस्टरांचा काही दोष नाही. बाकीचे मी पुसले. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने.”

“मग त्याला सांग की, परत आण म्हणून,” पेत्रोनाआजी म्हणाल्या.

“ते त्याला येत नाही. मलाही अजून येत नाही.”

आधी आजी हसल्या, मग सगळं अंगण. सिस्टर डोळे पुसत सगळ्यांत शेवटी हसल्या. काम आमच्याकडेच राहिलं, पण एका अटीवर: मी तिथे येऊन प्रत्येकाचा संडास त्याच्या देखत, हाताने काढायचा. आजोबांना बसल्याबसल्या नदी दिसायला हवी आहे. आजींना तीच खिडकी नको आहे. साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
देल्मिरा

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतंय मला बढती मिळाली.

ता. क. दुसरा: तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. तुझ्या घरामागच्या नव्या खोल्यांचा जो नकाशा मी सोमवारी पाठवला, त्यावरही पाठवण्याआधी मी हाच प्रोग्रॅम चालवला होता. तुझी सगळी दारं एकसारखी होती. गवंडी बाहेर आहे तोवर त्याला थांबव. आत असेल, तर भिंत पुरी व्हायच्या आत हाक मार.