ताप नाय, सूज नाय

रत्नागिरी,
१४ ऑगस्ट

प्रिय राही,

तुझं प्लास्टर कधी काढणार, ते आई फोनवर सांगत नाही. बोटं हलतात का? मला इथे मनोरुग्णालयात येऊन पाच आठवडे झाले. गोळ्यांनी हात थरथरतो, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं.

दोन वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्स काढलं, तेव्हा आपल्या वेळणेश्वरहून जीप भरून माणसं आली होती. शेजारच्या आनंदीबाईंनी शहाळी पाठवली, अनिलकाका तीन दिवस इस्पितळातल्या बाकावर झोपले. या वेळी कालपर्यंत कोणी फिरकलं नाही. त्यांना काय बोलू? मीही तसाच. कानात न दिसणारी माणसं बोलायला लागली, तेव्हा वाटलं, पोट दुखलं तर तो आजार. हे काय कोणाला सांगायचं? गोळ्या सुरू झाल्या तर काका म्हणाले, "ताप नाय, सूज नाय, कशाला खातोस रे? कामाला लाग." मला पटलं. सगळ्या गोळ्या मी माडाच्या आळ्यात टाकल्या.

त्या दुपारी तू भात वाढत होतीस आणि कानातले ओरडत होते, हिने विष कालवलंय. मी ताट भिंतीवर फेकलं. तू खाली वाकून शितं गोळा करायला लागलीस, आणि मी दाराचा अडसर काढला. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा तू हातावर घेतलास. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, राही, आणि तरी तिसऱ्यांदा उचलला. आई मध्ये पडली. तिला ढकललं, तिचं कपाळ उंबऱ्यावर फुटलं. मग दगडी गडग्यावरून उड्या टाकून माणसं आली. मला सुंभाने बांधून लाथा घातल्या. "माजलाय," म्हणत होते. "मारू नका, तो आजारी आहे," असं तू एकटीच म्हणालीस, जमिनीवर पडल्या पडल्या.

काल काका पहिल्यांदा आले. म्हणाले, "धडधाकट दिसतोस की! शनिवारी घरी नेतो." आणि हळूच सांगितलं, की घराची लाज राखायला तू इथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, विहिरीवर घसरले. मी बाईंना सगळं खरं सांगून बसलोय. त्या मान हलवतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात. त्यांना वाटतं, तुला मारलं हाही माझा भासच. म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत ये आणि त्यांना तुझा हात दाखव, म्हणजे त्या मला सोडणार नाहीत. कानातले अजून गेलेले नाहीत, नुसते हळू बोलतात. ते तुझंच नाव घेतात.

तुझाच,
शुभंकरदादा