सत्तावन्नाव्या वर्षी शिकाऊ

प्रिय धाकल्या,

पत्र बघून तू आधी घाबरशील, मग ताईचा फोन बिघडला की काय म्हणून हसशील. आधी वाच.

आमच्या हॉस्पिटलात नवा नियम आलाय. डॉक्टरांनी नुसती व्याख्यानं ऐकून यायचं नाही, रोजच्या कामातच शिकायचं. शेजारी एक सहकारी उभा राहणार आणि दर वेळी वहीत शेरा लिहिणार. माझ्या वाट्याला आली आमची चष्मेवाली, माझ्याच हाताखाली तयार झालेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून मानेच्या शिरेत नळी घालायची, हे तिने मला शिकवायचं. तीस वर्षं मी ती बोटांच्या अंदाजाने घालत आले. पहिल्या दिवशी गंमत वाटली. "मॅडम, सुईकडे नाही, पडद्याकडे बघा," ती म्हणायची आणि मी शाळकरी मुलीसारखी हो हो करायचे.

तीन आठवडे झाले, जमेना. शीर स्पष्ट दिसते, कुठे जायचं तेही कळतं, पण हात मेला ऐकत नाही. मी यंत्राला नावं ठेवली, खोलीतल्या उजेडाला ठेवली.

मंगळवारी अतिदक्षता विभागात पेशंट म्हणून एक मास्तर होते, गप्पिष्ट. माझी सुई शेजारच्या धमनीत गेली. चष्मेवालीने माझं मनगट हळूच बाजूला केलं आणि त्यांची मान दाबून धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मी नुसती बघत होते. मास्तर सावरले. दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, "तुमच्यामुळे वाचलो, डॉक्टर." मला मान वर करवेना.

वहीत तिने लिहिलं होतं, "प्रगती चांगली." मी जाब विचारला, तर डोळे भरून म्हणाली, "तुमच्याबद्दल दुसरं काही लिहायला हात धजत नाही." तिला रागवू की जवळ घेऊ, कळेना. त्याखाली मी खरं काय झालं ते लिहून सही केली. तेव्हापासून सुई हातात घेतलेली नाही. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

फोनवर मी "काही नाही रे" म्हणून मोकळी झाले असते. म्हणून हे एका बैठकीत, उजव्या हाताने लिहिलंय. तू रोज कंपवाताचे पेशंट तपासतोस, त्यांचं लिहिताना बारीक होत जाणारं अक्षर बघतोस. वरच्या 'प्रिय'चं अक्षर बघ आणि या ओळीचं बघ, मुंगीएवढं झालंय. मोठं काढायला जाते, निघत नाही. मला अंदाज आलाय. तरी तू सांग. आणि सांगायला ये, लिहू नकोस.

तुझीच,
ताई